यजमानांची सनद

निजामाच्या राज्यात माझे यजमान परभणीला वकिली करत. त्या काळी आमच्या ओट्यावर सकाळपासून माणसं बसलेली असत. अदालतीचं कामकाज उर्दूत चाले. आपल्याच अर्जात काय लिहिलंय हे खेड्यातल्या माणसाला कळत नसे, ते समजून घ्यायला ती येत. त्यांत एक बाई अशी येई, की जिला भेटायला यजमान तयार नसत.

ती चारठाण्याकडची, लिंगायत घरातली विधवा. वय पंचविशीचं असेल. नवरा तापानं गेल्यावर दिरानं तिला माहेरी धाडलं आणि चार-पाच वर्षांची लेक ठेवून घेतली. नवऱ्यानं शेत मुलीच्या नावावर करून ठेवलं होतं. मुलगी ज्याच्याकडे, शेत त्याच्या ताब्यात. बाईनं मुलीसाठी अर्ज केला, तेव्हा दिरानं मुन्सिफापुढे सांगितलं की मुलीला आईच्याच माणसांनी नेलं, ती कुठे आहे मला ठाऊक नाही. यजमान या दिराचे वकील होते.

"मी समोरच्या बाजूचा आहे, बाई. तू तुझ्या वकिलाकडे जा," असं ते तिला दर वेळी सांगत. ती ऐकून घेई आणि पुढच्या पेशीच्या तारखेला पुन्हा येऊन बसे. मी तिला पाणी देई, तेवढंच.

एकदा थंडीच्या दिवसांत ती आली तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याची शिवलेली लहानशी वाकळ होती. यजमान शेरवानी घालून अदालतीत निघाले होते.

"लेक कुठं हाय ते इचारत न्हाई, साहेब," ती म्हणाली. "थंडी लय पडायलीय. तुमच्या माणसाच्या हातून एवढी वाकळ तिला पोचती करा."

यजमान उंबऱ्यातच थांबले. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "ती झरीला आहे. तुझ्या दिराच्या बहिणीच्या घरी."

बाईनं वाकळ काखेत मारली आणि निघाली.

"तुमी हे काय केलंत?" मी विचारलं.

"त्यानं मला विश्वासानं सांगितलं होतं," ते म्हणाले, "आणि मी सांगून टाकलं." एवढं बोलून ते बाहेर पडले.

बाई भावाला घेऊन झरीला गेली आणि मुलीला उचलून थेट वऱ्हाडात, इंग्रजांच्या हद्दीत निघून गेली. निघताना तिच्या भावानं मुलीच्या आत्याला तोऱ्यात सांगितलं, "तुमच्याच वकिलानं पत्ता दिला." त्यामुळं दिराला कळायला वेळ लागला नाही.

तो घरी आला तेव्हा भांडेल अशी मला भीती होती. तो भांडला नाही. "मी वाईट असंन, वकीलसाहेब," तो म्हणाला. "पर तुमच्यापाशी जे बोललो, ते माझ्या बायकोलाबी ठाव नव्हतं."

"तक्रार करा," यजमान म्हणाले. "मी नाकारणार नाही."

त्यानं हैदराबादला हायकोर्टाकडे तक्रार केली. चौकशी परभणीच्या जज्जसाहेबांकडे आली. तेव्हा एक वयस्क वकील आमच्याकडे आले. यजमान सुरुवातीला त्यांच्याच हाताखाली काम शिकले होते. ते यजमानांना म्हणाले, "वहिनींनी आतून ऐकलं आणि बाईला बोलून गेल्या, असं सांग. बायकांना कायदा काय माहीत? वकिलीची सनद वाचेल तुझी."

मी माजघराच्या दारातूनच म्हणाले, "तसंच सांगा. मला विचारलं तर मी हो म्हणेन."

"तिनं सांगितलं नाही," यजमान त्यांना म्हणाले. "मी सांगितलं."

चौकशीत काय झालं ते त्यांनी घरी येऊन मला सांगितलं. जज्जसाहेब भला माणूस. त्यांनी विचारलं, "मुलीच्या जिवाला तिथं काही धोका होता का? असेल तर तसं म्हणा." यजमानांनी सांगितलं, धोका नव्हता, आत्या तिला नीट सांभाळत होती.

मला फार राग आला. "धोका होता, एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? ते तुमाला वाचवायला बघत होते."

"एकाचा विश्वास मोडून झालाय," ते म्हणाले. "आता अदालतीपुढं खोटं बोलू?"

हैदराबादहून निकाल आला. दोन वर्षांसाठी सनद बंद. त्या काळात आमच्या पिंगळीच्या थोड्याशा शेतावर आणि माझ्या भावाच्या मदतीवर घर चाललं. बाजारातून जाताना लोक यजमानांना हात जोडत, देवमाणूस म्हणत. माझी सगळी आशा त्यावर होती. सनद मोकळी झाली त्या सकाळी मी ओटा सारवून घेतला.

कोणी आलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. शेजारच्या दुकानदाराचा घराच्या वाटणीवरून भावाशी दावा लागला. यजमानांना देवमाणूस म्हणणारा तोच. तो दुसऱ्या वकिलाकडे गेला. मी त्याच्या बायकोला विहिरीवर विचारलंच.

ती खरं बोलली. "आक्का, वकिलापाशी पोटातलं सगळं सांगावं लागतं. तुमच्या घरच्यांना समोरच्याची दया आली, तर आमी काय करावं?"

यजमान जेवायला बसले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "मीही गेलो नसतो."

मग आम्ही पिंगळीलाच राहायला गेलो. ती बाई पुन्हा कधी आली नाही. निजामाच्या हद्दीत पाय ठेवला असता तर मुलगी हातची गेली असती, हे मला कळत होतं. तरीही रस्त्यानं लहान मुलीला घेऊन कोणी बाई येताना दिसली की मी दारात जाऊन उभी राहत असे. यजमानांनी मला तसं पाहिलं होतं.

निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मीच त्यांना म्हणाले, आता सगळं नवं होतंय, एकदा अदालतीत जाऊन तर बघा. शेरवानी त्यांना सैल झाली होती. गाडीनं परभणीला गेले आणि दुपारीच परत आले.

"आत गेला होतात?" मी विचारलं.

"नाही. अदालतीच्या फाटकापाशी माझा एक जुना पक्षकार भेटला. त्यानं रामराम केला, घरचं सगळं विचारलं. हातात कागद होते त्याच्या." ते शेरवानीची बटणं काढत होते. "मी कागदांकडे बघितलं, तर त्यानं ते पलीकडच्या हातात घेतले."

मी ताट वाढलं. जेवून ते शेताकडे गेले.