विलासला सांगायचं राहिलं

"आई, बाबा गेले..." मृणालचा फोन आला तेव्हा माझी सकाळची ओपीडी चालू होती. मी फोन ठेवला, समोरच्या बाईंना गोळ्या लिहून दिल्या आणि मगच उठले. सहा आठवडे झाले, त्या दोन मिनिटांची लाज जात नाही.

विलास आणि मी चौदा वर्षं नवरा-बायको होतो. पहिल्यापासून अरे-तुरे, त्याच्या आईला ते कधीच खपलं नाही. तो आयटीआय झालेला. शिरोली एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप होतं. फाउंड्रीत लोखंड ओतण्याआधी त्या भागाचा हुबेहूब लाकडी नमुना लागतो, तो हा करायचा. मी बाळंतपणं करणारी डॉक्टर. दवाखाना वाढत गेला तशी मला घरातली माणसं अडचण वाटायला लागली, हे आज लिहिता येतं. नव्वदीच्या सुरुवातीला घटस्फोट झाला. नऊ वर्षांची मृणाल माझ्याकडे राहिली, तो उचगावला राहायला गेला. रविवार तेवढा त्याचा.

बारावीनंतर तिला कपड्यांचं डिझाइन शिकायचं होतं. मी मात्र मेडिकल ठरवून ठेवलेलं. तो दवाखान्यात येऊन म्हणाला, "तू तुला आवडलं ते शिकलीस की. मग तिला का न्हाय?"

"तुला काय कळतंय कॉलेजातलं?" मी म्हणाले. हे त्याला कुठं लागेल ते मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच म्हणाले.

शेवटी मेडिकललाच घातलं. दुसऱ्या वर्षी मृणालनं पुण्याच्या हॉस्टेलवरून फोन केला, तो मला नाही, त्याला. आठवडाभर ती खोलीबाहेर पडली नव्हती, धड जेवली नव्हती. तो तसाच निघाला, तिला उचगावला घेऊन आला आणि मग मला कळवलं. मी तिथं जाऊन दारातूनच ओरडायला लागले, वर्ष वाया जाईल म्हणून. त्यानं बाहेर येऊन दार लोटून घेतलं.

"जाऊ दे गं वर्ष. पोरगी ऱ्हायली पायजे. आत झोपलीया, हळू बोल."

मी आत न जाताच परतले. मृणाल सावरली, पुढं डिझाइन शिकली. तिची मी माफी मागितली. त्याची मागायची, म्हणता म्हणता पाच वर्षं गेली...

दिवसकार्य झाल्यावर मृणाल मला त्याच्या उचगावच्या घरात घेऊन गेली. खिडकीपाशी सागवानी टेबल होतं, त्यावर तिचं अर्धवट कापलेलं कापड. टेबलाच्या चारही पायांना खाली जोड दिलेले, बोट फिरवल्याशिवाय कळू नयेत असे.

"रविवारच्या अभ्यासाला बाबांनी केलं होतं," ती म्हणाली. "मी उंच झाले की पाय वाढवायचे."

सगळ्यात खालचा जोड चांगला वीतभर होता. मी विचारलं, हा कधीचा?

"मेडिकल सोडून आले ना, त्याच आठवड्यातला. कापड उभ्यानं कापतात, हे बाबा कुणाला तरी विचारून आले होते."