‘डोंगी’चा दुसरा भाग

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वसुधा मुळे माझ्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहते. आमच्या दोघींच्या दारांमध्ये फक्त जिन्याचा कठडा. मी कारखान्याच्या शाळेत शिकवते, ती कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसते. कोण कधी आत गेलं, कोण कधी बाहेर पडलं, कोणाची रजा, कोणाचा ओव्हरटाइम, हे सगळं तिच्या टेबलावरून जातं. स्वतः मात्र ती कुठेच जात नाही. ऑफिस आणि घर, घर आणि ऑफिस. भाजीसुद्धा जवळच्या अवधपुरीच्या बाजारातून मीच आणून देते.

तिचे वडील, भालचंद्रकाका, पुण्याहून इथे, हिंदी मुलुखात, फोरमन म्हणून आले आणि नोकरीत असतानाच गेले. वसुधाला तेव्हा पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला होता, बॅगसुद्धा भरलेली होती. अनुकंपा नोकरी घरातल्या एकालाच मिळणार होती. दिलीप, तिचा धाकटा भाऊ, इंजिनिअरिंगला होता, त्याचं शिक्षण मोडायचं नाही असं ठरलं. नोकरी राहिली तर क्वार्टर राहणार आणि क्वार्टर राहिलं तर आईच्या डोक्यावर छप्पर. सगळे म्हणाले, दिलीप शिकून मार्गी लागेपर्यंतच आहे. दिलीप मार्गी लागला, पुण्यात त्याचा संसार झाला, आणि वसुधा टाइम ऑफिसातच राहिली.

मग तिच्या आईला, मनोरमाकाकूंना, अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण मनात भीती येऊन बसली. खोलीत कोणी नाही असं वाटलं की त्या हाक मारतात, “वसू!” वसुधा गेली की विचारतात, “आहेस ना?” ती “आहे” म्हणते आणि परत येते. पुन्हा हाक. दिवसा त्यांना सांभाळायला विमलबाई असतात. साडेपाचला कारखान्याचं गेट सुटतं आणि वसुधा घरात शिरते, ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. लग्नाचं विचारायचं आम्ही कधीच सोडून दिलं.

दिलीपने नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा जुना कॉम्प्युटर बहिणीकडे पाठवून दिला. त्यातच तो गेम होता. नाव ‘डोंगी’, म्हणजे छोटी होडी. बेंगळुरूच्या कुठल्याशा लहान कंपनीने केलेला. त्यात करायचं असं काही नव्हतंच. एक होडी, एक वल्हं आणि एक अफाट नदी. जिकडे वाटेल तिकडे वल्हवत जायचं. वाटेत घाट लागायचे, बेटं लागायची, कुठे बाजार भरलेला असायचा, कुठे नुसते बगळे. वेळेचं बंधन नाही, हरणं नाही, जिंकणं नाही. वल्हं सोडून दिलं तर होडी आपली वाहत राहायची.

“यात मजा काय आहे गं?” मी एकदा विचारलं होतं.

“कोणी हाक मारत नाही,” ती म्हणाली.

आवाज बंद करून खेळायची, कारण आईची हाक ऐकू यायला हवी. हळूहळू तिला ती सगळी नदी पाठ झाली. त्या गेमच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक अड्डा होता. तिथे कोणी विचारलं, अमुक बेटावर कसं पोचायचं, की वसुधा हिंदीत उत्तर लिहायची. मग खेळता खेळता बोलायची आणि त्याचे व्हिडिओ टाकायची. बोलणं साधं, जरा तिरकस. लोकांना ते फार आवडलं. लुधियाना, रायपूर, कोची, कुठकुठची माणसं तिला ‘घाटवाली दीदी’ म्हणू लागली. टाउनशिपमध्ये हे मी सोडून कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या भागाची चाहत्यांनी काही वर्षं वाट पाहिली. तो येणार म्हणून जाहीर झालं, तेव्हा वसुधाने नवा कॉम्प्युटर घेतला. गेम आला त्या दिवशी अर्धी रजा टाकली. तिने रजा घेतली म्हणून ऑफिसातल्या लोकांनी मला विचारलं, काकू बऱ्या आहेत ना?

संध्याकाळी मी डोकावले तर ती खुर्चीत नुसती बसून होती. पडद्यावर तीच नदी, रंग आणखी सुंदर. पण होडीच्या टोकावर एक पिवळा बाण तरंगत होता आणि बाण दाखवेल तिकडेच जायचं होतं. होडीत एक म्हातारा प्रवासी बसवला होता. तो सतत बोलत होता. जल्दी करो बेटी, उधर नहीं, इधर. शाम हो जाएगी. प्रत्येक फेरी ठरलेल्या वेळात पुरी करायची. आणि बाणाला सोडून दुसरीकडे वल्हवलं तर थोड्या अंतरावर पाणी उलटं फिरून होडीला मागे ढकलायचं.

“बघ,” वसुधा म्हणाली. तिने वल्हवलं. पाण्याने परत आणून सोडलं. पुन्हा वल्हवलं, पुन्हा तेच. “एवढी एक खोली होती मला. तिलाही बाहेरून कडी घातली.”

त्याच आठवड्यात तिने व्हिडिओ केला. तिने म्हटलं, ही डोंगी नाही, ही डिलिव्हरी आहे. आधीच्या गेमने आमच्यावर विश्वास टाकला होता, हा आमचं बोट धरून चालवतोय. तो व्हिडिओ प्रचंड पसरला. हजारो लोक तिच्या बाजूने लिहू लागले आणि मग भांडण पेटलं. काही म्हणाले, पहिला गेम कंटाळवाणा होता, कुठे जायचं तेच कळायचं नाही. काही म्हणाले, कंपनीने चाहत्यांना फसवलं. कोणी बाणाच्या बाजूचा, कोणी बाणाच्या विरुद्ध. दुपारी तिच्या ऑफिसात डबा खाताना ती मला एकेक वाचून दाखवायची. तिच्या तोंडावर इतकी तरतरी मी कधी पाहिली नव्हती.

त्यात एक मजकूर नागपूरच्या मधुकर नावाच्या माणसाचा होता. त्याची नजर जवळजवळ गेलेली. त्याने मराठीतच लिहिलं होतं, “ताई, पहिला भाग मी फक्त तुमच्या व्हिडिओंतून ऐकला. दुसरा स्वतः खेळतो. बाण मोठा आणि पिवळा आहे म्हणून दिसतो, आणि म्हातारा बोलतो म्हणून दिशा कळते. तुम्ही म्हणता हे काढून टाका. मग माझं काय?”

वसुधाने ते वाचलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. “याला काय उत्तर द्यायचं?” तिने विचारलं.  बरेच दिवस तिने त्याला काही लिहिलं नाही.

मग कंपनीतून फोन आला. गेमची रचना करणारी मुख्य बाई, रेवती, स्वतः बोलली. चार दिवस बेंगळुरूला या, आमच्या टीमबरोबर बसा, काय चुकलं ते सांगा. येण्याजाण्याची सोय आम्ही करतो. वसुधा धावत माझ्याकडे आली, पायात चपलासुद्धा नव्हत्या. मी म्हटलं, जा, डोळे मिटून जा. तिने दिलीपला फोन लावला. तो लगेच म्हणाला, “येतो ना ताई, का नाही? आईजवळ मी राहीन.” तिने विमानात बसताना काय घालायचं तेही मला विचारलं.

जायच्या आदल्या आठवड्यात दिलीपचा फोन आला. त्याच्या ऑफिसात काही निघालं होतं.

“पुढच्या महिन्यात जमेल बघ,” तो म्हणाला.

“पुढच्या महिन्यात ते बोलावणार नाहीत, दिलीप.”

“अगं, पण गेमच आहे ना? ऑनलाइन बोल की.”

मी म्हटलं, मी राहते काकूंजवळ. राहिलेही असते. पण काकूंना सांगितलं तेव्हा त्यांचा डावा हात वसुधाच्या ओढणीवर घट्ट आवळला तो सुटेचना.  वसुधाने तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि बेंगळुरूला निरोप पाठवला की जमणार नाही.

ऑनलाइन बोलणं झालं. मी काकूंच्या खोलीत बसले होते, सगळं ऐकू येत होतं. रेवती वयाने लहान वाटत होती, आवाजात थकवा होता. तिने सांगितलं की पहिला गेम घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी तो थोड्याच वेळात सोडून दिला होता. तुमच्यासारखे फिरणारे फार थोडे, दीदी. कंपनी बंद पडायला आली होती. वसुधाने मधुकरबद्दल सांगितलं आणि मागितलं की बाण आणि म्हातारा ज्याला हवा त्याला असू द्या, नको त्याला बंद करता येऊ द्या. रेवती लगेच कबूल झाली.

“और वो पानी?” वसुधाने विचारलं. “जो पीछे धकेलता है?”

 रेवती म्हणाली, “दीदी, उसे नहीं हटा सकते. उसके आगे कुछ है ही नहीं. हमने बनाया ही नहीं.”

वसुधाने हे सगळं पुढच्या व्हिडिओत प्रामाणिकपणे सांगितलं. कंपनीची अडचण सांगितली, मधुकरचं म्हणणंही सांगितलं. तिला वाटलं होतं लोक शांत होतील. झालं उलटंच. जे कालपर्यंत ‘दीदी, दीदी’ करत होते त्यांनीच लिहिलं, दीदी बिक गई. कोणी रेवतीला घाणेरडं लिहू लागलं. वसुधाने तसं करू नका म्हटलं, तर तिलाही तसंच लिहिलं. कोणीतरी तिचं ऑफिस शोधून काढलं आणि टाइम ऑफिसात फोन येऊ लागले. साहेबांनी बोलावून विचारलं, “मुळे मॅडम, हे डोंगीचं काय प्रकरण आहे?” या वयात, या नोकरीत, गेमवरून साहेबांसमोर उभं राहायचं! तिने खाली मान घालून काहीतरी सांगितलं. आता बोललं तर एक बाजू चिडायची, गप्प बसलं तर दुसरी. तिने ते खातंच बंद करायचं ठरवलं, तर मधुकरने कळवलं, “ताई, बंद नका करू. तुमचे जुने व्हिडिओ हीच माझी जुनी नदी आहे.” तिने खातं ठेवलं. नवीन काही टाकलं नाही.

जुन्या नदीत ती स्वतःही जाऊ शकत नव्हती. दिलीपचा कॉम्प्युटर कायमचा बंद पडला होता आणि नव्यावर पहिला भाग चालत नव्हता.

अशा वेळी एक वेगळीच गोष्ट झाली. त्या उन्हाळ्यात कूलर फक्त पुढच्या खोलीत चालायचा, म्हणून काकूंची खाट तिथे हलवली. वसुधा कॉम्प्युटरवर उगाच दुसरा भाग लावून बसली होती, या वेळी आवाज चालू होता. म्हातारा ओरडला, “अरे बेटी, जल्दी करो!” आणि खाटेवरून काकू म्हणाल्या, “करते आहे ना ती, तुला काय घाई?”

वसुधाने वळून पाहिलं. काकू हसत होत्या. आजारपणानंतर मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, तिनेही नसावं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. म्हातारा घाई करतो, काकू त्याला दटावतात, कधी त्याच्याशी सुखदुःखाचं बोलतात. तो बोलत असला की त्यांना एकटं वाटत नाही आणि त्या हाका मारत नाहीत. वसुधा पिवळ्या बाणामागून होडी वल्हवत राहते, ठरलेल्या वेळात एका घाटावरून दुसऱ्या घाटावर.

पावसाळा संपता संपता कंपनीने कबूल केलेली सोय आली. चाहत्यांनी जल्लोष केला, आमचा विजय झाला म्हणून लिहिलं. वसुधाने संध्याकाळी बाण बंद केला, म्हाताऱ्यालाही बंद केलं. होडी रिकामी झाली. नुसता पाण्याचा आवाज. मी दुधाचं पातेलं घेऊन दारात उभी होते. तिचे खांदे इतके सैल झालेले मी पाहिले आणि मला बरं वाटलं.

“वसू,” काकू म्हणाल्या, “तो कुठे गेला?”

“उतरला, आई.”

“न सांगता?” काकूंचा आवाज कापू लागला. “आता परत यायचा नाही का?”

 वसुधाने थोडा वेळ तशीच होडी वल्हवली, त्या उलट्या पाण्यापर्यंत. पाण्याने होडी मागे आणली. मग तिने हात पुढे केला आणि म्हाताऱ्याला पुन्हा बसवलं. तो बसल्याबरोबर बोलायला लागला. काकू त्याच्यावर रागावल्या, कुठे होतास म्हणून.

मी दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, “वसुधा, तुझं काय?”

“माझं काय?” ती म्हणाली. नजर पडद्यावरच होती. “घाट यायचाय अजून. वेळ कमी आहे. तू बस ना जरा.”