वडिलांच्या बँकेत बसवलेला स्विच

इंजिनिअर झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांवरच्या एका माडीवर. कंपनी म्हणजे मालक, मी आणि आणखी एक इंजिनिअर. ज्यांचं टेलिफोनच्या वायरीवर भागत नसे, त्यांच्या गच्चीवर डिश लावून आम्ही त्यांना रेडिओने जोडून द्यायचो. पुण्यात तेव्हा जिकडेतिकडे संगणकाच्या कंपन्या उघडत होत्या, आणि पेठांतल्या जुन्या सहकारी बँकांनाही आपापल्या शाखा जोडून घ्यायची घाई झाली होती. अशाच एका बँकेचं काम मालकांनी माझ्याकडे दिलं. मी पत्ता वाचला. शनिवार पेठेतलं मुख्य कार्यालय. माझे वडील तिथे शिपाई होते.

बँकेची कात्रजची शाखा आधीच रेडिओने जोडलेली होती. एक रेडिओ रोजचा, दुसरा राखीव. रोजचा बंद पडला की काउंटरवरचे संगणक जागच्या जागी थिजायचे. मग वडील जिना चढून गच्चीवरच्या खोलीत जायचे आणि केबल एका डब्यातून काढून दुसऱ्यात खोचायचे. हे काम आपोआप करणारा स्विच मला बसवायचा होता.

घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी ताटावरची मान वर केली नाही.

"तिथं तू मॅडम," ते म्हणाले. "मी तुझा कुणी नाही."

"असं कसं, बाबा?"

"ओळखीनं काम मिळालं म्हणतील. तुझं शिक्षण फुकट जाईल त्यात. मी सांगतो तसं कर."

मी 'बरं' म्हटलं. खरं सांगायचं तर मला थोडं हायसंच वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली.

मॅनेजर वडिलांपेक्षा बराच लहान होता. बोलायचा अहो-जाहोनंच, पण त्यातलं प्रत्येक 'अहो' टोचायचं. मला त्यानं केबिनमध्ये खुर्ची दिली. थोड्या वेळानं वडील ट्रे घेऊन आले. अंगावर आईनं सकाळी इस्त्री केलेला गणवेश.

"मॅडम, चहा."

घरी मी त्यांना चहा नेऊन द्यायची. कपाकडे बघत मी "थँक्यू" म्हटलं. तो शब्द घरात आम्ही कधी वापरला नव्हता.

"अहो, पाहुण्यांना नुसता चहा?" मॅनेजर म्हणाला. "बिस्किटांचं आमंत्रण वेगळं पाठवायचं का?"

वडील "आणतो साहेब" म्हणाले आणि खाली गेले. मी बिस्कीट बशीतच राहू दिलं.

गच्चीवर मात्र आम्ही दोघंच होतो. पाऊस आत जाऊ नये म्हणून केबलच्या जोडावर वडिलांनी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून दोऱ्यानं आवळली होती. ती सोडवताना ते हळूच म्हणाले, "ओढणी कमरेला बांध, शिडीत अडकेल." तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. "पाना देऊ का, मॅडम?" त्यांनी लगेच विचारलं.

दोन्ही रेडिओंच्या केबली मी नव्या स्विचला जोडल्या आणि चाचणीसाठी खाली आले. वर आमचा दुसरा इंजिनिअर थांबला होता. मी फोनवर इशारा दिला की तो रोजच्या रेडिओची वीज काढणार, मग स्विचनं राखीव रेडिओवर जायचं. काउंटरसमोर रांग होती. मॅनेजर कात्रजच्या शाखेशी दुसऱ्या फोनवर बोलत होता.

मी सांगितलं, "काढ."

पडदे थिजले. रांगेतले लोक कुरकुरू लागले. राखीव रेडिओवर जाण्याआधी स्विचनं थोडं थांबायचं असतं, पण तो थोडा वेळ मला फार लांबलचक वाटायला लागला. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं वडील जिन्याकडे धावले.

"अहो, कुठे निघालात?" मॅनेजर ओरडला. "यंत्र काय आरतीला आणलंय? बसा खाली. आता तुमची गरज नाही इथे!"

वडील कठड्याला धरून पायरीवरच थांबले. त्याच वेळी पडदे हलले. कात्रजहून फोनवर "आलं, आलं!" असा आवाज आला. रांगेतल्या कुणी तरी टाळीही वाजवली.

मी म्हटलं, "ते माझे वडील आहेत."

मोठ्यानं म्हटलं असावं, कारण सगळी बँक गप्प झाली. वडिलांना बरं वाटेल अशी माझी समजूत होती. भर बाजारात कुणी डोक्यावरची टोपी उडवावी तसे ते माझ्याकडे बघत होते.

मॅनेजर वरमला. "अहो, मग सांगायचं नाही का?" म्हणत त्यानं स्वतः खुर्ची ओढली. वडील तिच्या कडेवर टेकले. त्यांच्यासोबत रोज डबा खाणाऱ्या शिपायानं त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. वर साय धरली.

घरी जाताना बसमध्ये मी म्हटलं, "तो तुम्हाला नको ते बोलत होता."

"मला बोलतात ते माझं मी बघतो. आजवर बघत आलोय." त्यांनी कंडक्टरकडून दोघांची तिकिटं घेतली. मग म्हणाले, "माझ्यासाठी बोललीस का तुझ्यासाठी, ते एकदा बघ."

मी बघितलं. उत्तर मला आवडलं नाही.

त्यानंतर मॅनेजर त्यांना चहा सांगेनासा झाला. कोपऱ्यात एक टेबल दिलं, वर पंखा. सोबतचे शिपाई त्यांना "मॅडमचे बाबा" म्हणू लागले आणि त्यांच्यासमोर साहेबांच्या नकला करायचे थांबले. स्विच उत्तम चालला, त्यामुळे गच्चीवर जायचंही कारण उरलं नाही. "दिवसभर काय केलं?" असं आईनं विचारलं की ते म्हणत, "पंख्याचे फेरे मोजले." शेवटी त्यांनी कात्रजच्या शाखेत बदली मागून घेतली. दोन बस बदलून जायचे, पण घरी आले की पुन्हा बँकेतले किस्से सांगायचे. तिकडच्या रेडिओचं काम मी आमच्या दुसऱ्या इंजिनिअरकडे सोपवलं. वडिलांनी ते ओळखलं असावं. विचारलं कधीच नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी शाखेत छोटासा समारंभ होता. "आईबरोबर ये," ते मला म्हणाले, "ऑफिसच्या कपड्यात नको." मी साडी नेसून मागच्या रांगेत बसले. हार घालून झाल्यावर तिथल्या कॅशिअरनं माइक हातात धरूनच आपल्या गावच्या बोलीत सहज विचारलं, "लेक काय करती तुमची?"

"इंजिनिअर हाय," वडीलही त्याच्याच बोलीत म्हणाले. "आपल्या शनिवारातल्या गच्चीवरचा स्विच तिनंच बसवलाय."

कॅशिअर "वा!" म्हणाला आणि पुढच्या वक्त्याला माइक द्यायला वळला. लोक मागे वळून माझ्याकडे पाहत होते. आईनं कोपरानं ढोसलं, "वर बघ की, बाबा हसतायत तुझ्याकडे बघून." मला बघवेना. मी त्यांची लेक आहे हे कधी, कुठे, कुणाला सांगायचं ते त्यांनी ठरवायचं होतं, आणि त्या दिवशी बँकेत ते मी त्यांच्या तोंडून काढून घेतलं होतं.