प्रवासाचा हेतू : नाकाची दुरुस्ती

“मॅडम, हे कारण बदला,” असं म्हणून साहेबांनी माझा अर्ज टेबलावरून परत सरकवला.

अर्ज परदेश प्रवासाच्या परवानगीचा होता. सरकारी नोकराला स्वतःच्या रजेत, स्वतःच्या खर्चाने परदेशी जायचं असलं तरी खात्याला विचारावं लागतं. अर्जात एक रकाना असतो, ‘प्रवासाचा हेतू’. बहुतेक लोक तिथे ‘पर्यटन’ लिहितात आणि मोकळे होतात. मी लिहिलं होतं, ‘बिघडलेल्या नाकाची दुरुस्ती’.

तेव्हा मी लातूर जिल्ह्यात पाणीपुरवठ्याच्या कामावर शाखा अभियंता होते. दुष्काळ होता. माझ्याकडे टँकर होते. कुठल्या गावाला किती खेपा, पाणी कुठल्या विहिरीवर भरायचं हे ठरवायचं आणि ते खरंच पोचलं का ते जाऊन बघायचं. त्यातच जिल्ह्याचा तुकडा काढून नवा जिल्हा होणार अशी हवा होती. नवा जिल्हा म्हणजे नवी ऑफिसं, नव्या खुर्च्या. त्यातल्या एका खुर्चीसाठी, एका उपविभागाच्या चार्जसाठी, माझं नाव यादीत होतं.

आता नाकाचं सांगते. मला माझं नाक आवडत नव्हतं, म्हणून मी त्याचा आकार बदलून घेतला. अपघात नाही, आजार नाही. लोकांना निदान अपघात तरी हवा असतो, तोही माझ्याकडे नव्हता. ऑपरेशन एका मोठ्या शहरात केलं आणि ते फसलं. शेंडा डावीकडे वळला, मधला भाग खचला, उजवी नाकपुडी जवळजवळ बंद झाली. जिना चढताना तोंडाने श्वास घ्यावा लागायचा. बोलताना लोक माझ्या डोळ्यांकडे बघेनासे झाले. मला संताप यायचा, आधी डॉक्टरचा आणि मग स्वतःचा.

फसलेलं ऑपरेशन पुन्हा करण्याला डॉक्टर रिव्हिजन म्हणतात. दुसऱ्याने केलेलं काम उघडायचं, आतला गोंधळ निस्तरायचा आणि बरगडीची कूर्चा, म्हणजे तिथलं मऊ हाड, घेऊन नाकाला नवा आधार द्यायचा. नवी पाइपलाइन टाकण्यापेक्षा कुणीतरी बिघडवून ठेवलेली लाइन दुरुस्त करणं अवघड, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. इकडच्या दोन डॉक्टरांनी हात लावायला नको म्हटलं. बँकॉकच्या एका डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून होकार दिला. तारीख मी टँकर बंद झाल्यानंतरची घेतली.

साहेब वाईट नव्हते. देगलूरकडचे, बोलायला मोकळे.

“मी तुमच्या भल्याचं सांगून राहिलो. फाइल वर गेली की लोक हसतील. दुष्काळात हिला नाकाचं सुचतंय म्हणतील. चार्जच्या यादीत नाव हाय तुमचं.”

“मग काय लिहू?”

त्यांनी आवाज खाली आणला. “बँकॉकलाच चालल्या ना? तुम्ही बौद्ध. धम्मयात्रा लिहा. कुणी एक प्रश्न विचारणार न्हाई.”

युक्ती चांगली होती, हे कबूल करते. क्षणभर माझा हात पेनाकडे गेलासुद्धा. पण हदगावच्या आमच्या घरात मी लहानपणापासून पंचशील म्हणत आलेली. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं. ज्याने खोटं बोलू नका म्हणून सांगितलं, त्याच्याच नावाने खोटं लिहायचं? आणि तेही, मला ज्याची लाज वाटत नव्हती ते झाकण्यासाठी?

“साहेब, हातपंप बंद पडला तर आपण रिपोर्टात पर्यटन लिहितो का?”

ते हसले नाहीत. “मी ही फाइल पुढं पाठवणार न्हाई.”

“चालेल. खरं कारण लिहिलं म्हणून अर्ज नाकारला, एवढं लेखी द्या.”

सरकारी ऑफिसात तोंडी नकार दिवसाला दहा मिळतात. लेखी कुणी देत नाही, कारण त्याखाली सही करावी लागते. साहेबांनी बेल मारून हेडक्लार्क पठाणभाईंना बोलावलं. पठाणभाईंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

“साहेब, रकाना भरलेला है. रजा शिल्लक है. कारण खोटं असतं तर अपन अडवले असते. ये तो जरा ज्यादाच खरं है.”

फाइल गेली. तिच्या आधी बातमी गेली, पार टँकरच्या ड्रायव्हरपर्यंत. पुढच्याच आठवड्यात एका गावात टँकर रिकामा होत असताना सुमनबाई नावाच्या एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, तुमी नाकासाठी परदेशात चालल्या म्हणं?”

“हाव.”

“मग टँकर बंद पडंल का?”

“नाही. टँकरचं काम संपल्यावरच जाणार.”

“मग जावा की. लोकाच्या नाकाचं आमाला काय करायचंय?” आणि त्यांनी घागर पाइपाखाली सरकवली.

ऑफिसात एकालाही हे इतकं सोपं वाटलं नव्हतं.

दोन वेळा हरकत लागून फाइल परत आली, दोन्ही वेळा मी उत्तर दिलं, कारण तेच ठेवलं. शेवटी आदेश निघाला : ‘बिघडलेल्या नाकाच्या दुरुस्तीसाठी बँकॉक येथे जाण्यास परवानगी देण्यात येत आहे.’ खाली ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून नऊ ऑफिसांची नावं. त्यानंतर कुजबूज थांबली. जे जावक क्रमांकासह प्रत्येकाच्या टेबलावर पडलेलं आहे, त्याची कुजबूज काय करणार?

चार्जच्या यादीतून मात्र माझं नाव गेलं. कुणी सांगितलं नाही, नवी यादी आली त्यात दिसलं. मला फार लागलं ते. ती खुर्ची मी उन्हातान्हात टँकरमागे फिरून कमावली होती.

ऑपरेशन झालं. दोन्ही नाकपुड्या चालू झाल्या. शेंडा अजून किंचित डावीकडे आहे, पण तेवढा राहणार हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. रुजू झाले त्या दिवशी पठाणभाईंनी रजिस्टर पुढे करत सरळ नाकाकडे बघितलं.

“काम मुकम्मल?”

“चालू स्थितीत,” मी म्हटलं आणि सही केली.

आता निवृत्त झाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. दुरुस्ती हवी असेल तर आधी बिघाड काय तो स्वच्छ लिहून द्यावा लागतो. न लिहिलेल्या बिघाडाला मंजुरी मिळत नाही. बाकी त्या यादीतल्या कुणालाच खुर्ची मिळाली नाही. नवा जिल्हा अजून कागदावर आहे. नाक माझ्या तोंडावर आहे.