काकूच्या फोनचा पंचनामा

आमचे काका कोर्टातच जन्मले असं मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. जन्म घरीच झाला असेल, पण नाळ कापायच्या आधी त्यांनी सुईणीला "कोणाच्या परवानगीने?" असं विचारलं असणार, याबद्दल मला शंका नाही. शेजारच्या भाऊबंदांशी त्यांनी एका गडग्यावरून दावा लढवला. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचं कुंपण. आणि आमचा गडगा तर असा की कोंबडीसुद्धा तो न उडता ओलांडते. पण त्या गडग्यावर दोन वकिलांचे बंगले उभे राहिले, त्यांची मुलं वकील झाली, आणि रत्नागिरीला तारखांना जाऊन जाऊन काकांचा एस.टी.च्या कंडक्टरांशी इतका घरोबा झाला की त्यांच्या घरच्या लग्नांची आमंत्रणं आम्हाला यायला लागली. मग एक दिवस समोरच्या पक्षाचे मुंबईतले मुलगे आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "काका, गडगा तुमचा. आम्हाला काय करायचाय?"

काकांनी अंथरूण धरलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली, जीभ बघितली. सगळं ठणठणीत. त्यांना काय कळणार? घरात केस मेली होती आणि काका तिच्या सुतकात होते.

अशातच काकूचा फोन चार्ज होईनासा झाला.

तो फोन म्हणजे काकूचा जीव. पुण्याच्या मुलाने दिलेला, नवा, वॉरंटीतला. रोज दिवेलागणीला काकू मागच्या पडवीत बसायची, मांडीवर कापूस घ्यायची, फोन कापसाच्या डब्याला टेकवायची आणि देवाच्या वाती वळता वळता पुण्यातल्या नातवाला गोष्ट सांगायची. गोष्टीत राक्षस असायचाच. काकूचा राक्षस ओरडला की तिकडे हातखंब्याच्या नाक्यावर ट्रकवाले ब्रेक मारत. गोष्ट संपली की वाती, उरलेला कापूस आणि फोन सगळं एकाच डब्यात जाई.

फोन बंद पडला आणि पुण्यात सत्तापालट झाला. विहीणबाई तिथे दोन इमारती सोडून राहतात. त्यांनी त्याच संध्याकाळी गोष्टीची गादी बळकावली.

"परीची गोष्ट सांगितलीन्," काकू मला म्हणाली, जणू पोराला विष पाजलंन्. "परी! राक्षस नाही, काही नाही, नुसती परी इकडून तिकडे उडत्ये. त्यात पोराने शिकायचं काय?"

मग काकू रोज संध्याकाळी शेजारी माझ्या घरी यायला लागली. काकांचा फोन म्हणजे बटणांचा डबा, त्यात चेहरा दिसत नाही. म्हणून माझा फोन. पण माझ्या घरात रेंज येते ती फक्त मोरीच्या दारात, तीही हात वर धरला तर. काकू एका हातात फोन उंच धरून, दुसरा हात मोरीच्या कट्ट्यावर टेकून राक्षसाला मारायची. काही दिवसांनी नातवाने विचारलंच, "आजी, तू नेहमी बाथरूममध्येच का असतेस?" आणि त्याच्या मागून विहीणबाईंचं हसू आलं. बारीक, पुणेरी, व्यवस्थित घडी घातलेलं.

काकूने फोन माझ्या हातात ठेवला. "मला माझा फोन हवाय," ती म्हणाली. "माझा. माझ्या पडवीत. काय हवं ते करा."

मी कंपनीला फोन लावला. तुमच्या भागात आमचं सेवा केंद्र नाही, फोन कुरिअरने पाठवून द्या, वॉरंटीत आहे, फुकट दुरुस्त होईल, असं कळलं. हे मी काकूला सांगत होतो तेवढ्यात आतून कॉट करकरली.

"वॉरंटी म्हणजे लेखी हमी ना रे?" काका दारात उभे. अंगावर पांघरूण तसंच. "म्हणजे करार झाला. आणि मुद्देमाल असाच्या असा त्यांच्या हवाली करायचा? उद्या म्हणतील, आमच्याकडे आला तेव्हाच फुटलेला होता!"

"काका, दुरुस्तीला पाठवतोय. खटला नाहीये."

"अजून नाहीये," काका म्हणाले, आणि त्यांच्या गालांवर रंग आला.

दुसऱ्या दिवशी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, फोनचा पंचनामा झाला. पाच पंच हवेत असा काकांचा हट्ट. मी एक. नारळ पाडायला आलेला गडी दुसरा. तो माडावरूनच "बघतोय, बघतोय" म्हणत होता. मासळीवाली तिसरी, तिने काकांना आधी बांगडे घ्यायला लावले, मग साक्ष दिली. उरलेले दोघे गणपतीपुळ्याचा रस्ता विचारायला थांबलेले पर्यटक. त्यांना काकांनी सांगितलं, रस्ता सांगतो, पण आधी सही. देवदर्शनाला निघालेली माणसं, घाबरून त्यांनी प्रत्येक पानावर सही केली.

इथपर्यंत ठीक होतं. मग काकांनी लाखेची कांडी बाहेर काढली. मला वाटलं, खोक्याला सील करतील.

"वादाची जागा कोणती?" त्यांनी विचारलं.

"चार्जिंगचं भोक," मी म्हणालो. इथे मी चुकलो.

"मग आधी वादाची जागा सील."

मी हात धरेपर्यंत त्यांनी मेणबत्तीवर वितळवलेली लाख त्या भोकात थेंब थेंब सोडली आणि वर अंगठीचा ठसा मारला.

"अहो काका, तेच तर दुरुस्त करायचंय!"

"करू देत की. कोण नको म्हणतो? रीतसर सील तोडायचं आणि करायचं."

काकू दारातून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो तिने पुढे राक्षसाला वापरला.

कुरिअरवाल्याने पार्सल हुंगलं आणि आत काय आहे विचारलं. "मुद्देमाल," काका म्हणाले. तो माणूस त्यानंतर बराच वेळ आमच्याकडे पाठ करत नव्हता.

व्हायचं तेच झालं. काकांच्या डब्यावर कंपनीचा निरोप आला: चार्जिंगच्या जागेत बाहेरचा पदार्थ भरलेला आढळला, वॉरंटी रद्द, फोन दुरुस्त न करता परत पाठवत आहोत. मी तो वाचून दाखवला तेव्हा काकू मटकन खाली बसली आणि काका ताडकन उभे राहिले.

"आले!" ते ओरडले. "आले मेले फासात!"

त्या दिवशी काकांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. पांघरुणाची घडी घातली. कोर्टाचा काळा कोट उन्हात टाकला आणि तो घालून, डोक्याला टोपी, ओटीवर खुर्ची मांडून ग्राहक सेवेला फोन लावला. पलीकडे मराठी बोलणारी एक मुलगी होती. तिचा आवाज इतका गोड होता की मुंग्या लागाव्यात.

"सर, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत."

"म्हणजे त्रास झाल्याचं मान्य. पुढे. तो पदार्थ तुम्ही स्वतः पाहिलात?"

"नाही सर, मला सिस्टिममध्ये दिसतंय."

"म्हणजे ऐकीव. सिस्टिमला बोलवा."

"सर, सिस्टिम म्हणजे..."

"हजर नसेल तर तसं सांगा. आम्ही पुढची तारीख घेऊ."

मुलीने त्यांना थांबायला सांगून गाणं लावलं. दुसरा कोणी असता तर चिडला असता. काका डोळे मिटून, गुडघ्यावर ताल धरून बसले. आयुष्यभर कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळलेला माणूस. ताटकळताना कोणी गाणं लावतं हे त्यांनी प्रथमच अनुभवलं होतं. "सोय चांगली आहे," ते मला म्हणाले.

दरम्यान फोन परत आला. कुरिअरवाल्याने ओटीवर पार्सल ठेवलं आणि काकू विळी घेऊन धावली.

"हात लावू नको!" काका गरजले. "पार्सल उघडलं म्हणजे माल स्वीकारला. माल स्वीकारला म्हणजे तक्रार संपली!"

"अहो, माझा फोन आहे तो!"

"तुझाच आहे. निकाल लागू दे, मग घे."

निकाल! आमच्या घरात निकाल म्हणजे काय हे काकूला नव्याने सांगायची गरज नव्हती. गडग्याचा दावा सुरू झाला तेव्हा ती नवी नवरी होती. पार्सल ओटीवरच्या पेटीवर विराजमान झालं. काकू रोज त्याच्यावरची धूळ पुसायची, आणि संध्याकाळी माझ्या मोरीच्या दारात येऊन उभी राहायची. "फोन माझ्या घरात," ती फणकारायची, "आणि मी तुझ्या मोरीत! तिकडे ती विहीण पोराला इंग्रजी राक्षस शिकवायला लागल्ये. थँक्यू म्हणतो म्हणे तो राक्षस!"

मी म्हणालो, "काकू, काकांना समजाव की."

"समजावून काय, केस मारू? मग ते पुन्हा अंथरुणात, आणि मी उशाशी पेज घेऊन. नको रे बाबा."

एक दिवस काका रत्नागिरीला वकिलांचा सल्ला घ्यायला गेले. एस.टी. वळणाआड गेली असेल नसेल, काकूने मला हाक मारली. पार्सल तिने उपडं केलं, बुडाकडून विळीने चिकटपट्टी कापली, फोन काढला आणि केसातला आकडा घेऊन लाखेवर तुटून पडली. कडेने टोकरत गेली, मग एक हिसका दिला, आणि बाटलीचं बूच निघावं तसा लाखेचा गोळा अख्खा बाहेर आला. त्याच्या बुडाला चिकटून आली कापसाची करडी, घट्ट गुंडी.

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं. मग कापसाच्या डब्याकडे बघितलं. मग एकमेकांकडे बघायचं टाळलं.

चार्जर लावला. पडद्यावर बॅटरीचं चित्र उमटलं.

आता बघा. त्या कंपनीने कुठल्याशा चकाचक इमारतीत, पांढरे हातमोजे घातलेल्या, शिकल्यासवरल्या माणसांसमोर तो फोन ठेवला होता. त्यांनी लाख बघितली, वॉरंटी रद्द केली आणि जेवायला गेले. आणि आमच्या काकांनी मूर्खपणाचा कळस केला आणि त्या कळसाने बिघाड मुळासकट उपटून काढला! हे काकांना सांगायची मात्र सोय नव्हती. बिघाडच नाही म्हटल्यावर तक्रार कसली?

"एक शब्द बोललास तर याद राख," काकू म्हणाली. कुंकवाच्या करंड्यात जपलेलं सिमकार्ड तिने फोनमध्ये बसवलं. पार्सल हलकं लागू नये म्हणून मागच्या बाजूने जाऊन जांभ्याची एक कपची आणली, कापसात गुंडाळून खोक्यात ठेवली आणि वरून चिकटपट्टी मारली.

"गडग्याची आहे," ती म्हणाली. "त्यांचीच आहे. राहू दे त्यांच्याजवळ."

त्या संध्याकाळी मागच्या पडवीत काकूचा राक्षस परतला. दबक्या आवाजात, ओटीवर ऐकू जाऊ नये म्हणून. सर्दी झाल्यासारखा वाटत होता. पण परतला. नातू म्हणाला, "आजी, तू बाथरूममधून बाहेर आलीस!" काकूने डोळ्यांना पदर लावला आणि मग मुद्दाम विचारलं, "आजी आहेत का रे तिकडच्या? त्यांनाही बसव ऐकायला."

सगळं मार्गी लागलं असं मी समजलो, आणि तिथेच कंपनीने घात केला. कंपनी शरण आली.

"काका, अभिनंदन!" ती गोड मुलगी म्हणाली. एव्हाना ती सर सोडून काकावर आली होती. काकांनी माझ्यासाठी डब्याचा स्पीकर लावला होता. "वरिष्ठांनी तुमची केस विशेष बाब म्हणून घेतली आहे. तुम्हाला नवा फोन मिळेल! जुना तेवढा परत द्या. उद्या आमचा माणूस पार्सल न्यायला येईल."

"पार्सल आम्ही उघडलेलंही नाही!" काका अभिमानाने म्हणाले. "तुमचंच सील, जसंच्या तसं परत देतो. पुतण्या साक्षीला आहे!"

पुतण्याला घाम फुटला. मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं: पांढरे हातमोजे, कात्री, कापूस, आणि आत रत्नागिरी जिल्ह्यातला दगड. कंपनी काकांवर फसवणुकीचा दावा लावेल. आणि काकांना त्याचा इतका आनंद होईल की त्यातच त्यांचं काहीतरी होईल.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. काकू पोळपाटावरचं पीठ हाताला तसंच घेऊन बाहेर आली. चेहरा शांत.

"घ्या की मग," ती काकांना म्हणाली. "बरं झालं. मिटलं एकदाचं. गडग्याच्या वेळी नाही का, ती पोरं चहा प्यायली आणि मिटलं. तसंच."

काकांचा हात थांबला. "तसंच म्हणजे?"

"तसंच. त्यांनी टाकलंन्, आपण उचललं. कोण बरोबर, कोण चूक, ते विचारतंय कोण? तडजोड ती तडजोड."

तो शब्द काकांच्या कानात उकळत्या लाखेसारखा गेला असावा. ते उठून उभे राहिले. कोटाची बटणं लावली.

"बाई," ते फोनमध्ये म्हणाले, "नवा फोन तुमच्या वरिष्ठांना द्या. आमची मागणी फोनची नाही. लाख हा बिघाड नाही, सील आहे, असं लेखी कबूल करा. तोवर पार्सल हलणार नाही."

"काका, पण... नवा फोन नको? मग तक्रार बंद करू का मी?"

"खबरदार! चालू ठेवा!"

काकू पोळ्या लाटायला आत गेली. जाताना तिने मला जो डोळा घातला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. कंपनीत माणसं बदलली, वरिष्ठांचे वरिष्ठ झाले, पण आमची तक्रार त्यांच्या सिस्टिममध्ये जागृत देवस्थानासारखी आहे. नव्या नोकरांना आधी तिच्या पाया पडायला लावत असतील. काकांचा रक्तदाब पंचविशीतल्या पोराचा झालाय. दगड पेटीवर आहे, काकू त्याची धूळ पुसते. आणि आपण काकांना कसं बनवलं या आनंदात मी कितीतरी दिवस छाती काढून हिंडत होतो.

परवा संध्याकाळी ओटीवर बसलो होतो. काका कोट घालून सुनावणीत रंगले होते. मागच्या पडवीत गोष्ट ऐन रंगात आली असावी. राक्षस सर्दी विसरला आणि असा काही किंचाळला की माडावरचे कावळे उडाले.

काकांनी डब्यावर हात ठेवला. मान मागे वळवली.

"अगो," ते शांतपणे ओरडले, "त्या राक्षसाला जरा हळू मर म्हणावं. इकडे सुनावणी चालल्ये."