कंपासबाईंचं रॉकेट

गणिताच्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे 'कंपास' म्हणायची. टोकदार, आणि एकदा रुतल्या की जागच्या हलायच्या नाहीत. मुख्याध्यापकांशी तर त्यांचा छत्तीसचा आकडा.

त्या वर्षी त्यांनी आठवीला रॉकेट शिकवायला घेतलं. प्लास्टिकच्या बाटलीत थोडं पाणी, वर सायकलच्या पंपाने कोंबलेली हवा. "उडवायला अक्कल लागत नाही, तयारीला लागते," त्या बजावत. मुलांनी रॉकेट दोऱ्याला आडवं टांगून वजनाचा मध्य शोधला. मग पुठ्ठ्यातून तीच आकृती कापली, पट्टीच्या कडेवर तोलली आणि वारा कुठे रेटेल ते ताडलं. वजनाची खूण टोकाकडे, वाऱ्याची शेपटीकडे, मध्ये निदान बाटलीच्या जाडीइतकं अंतर. नाहीतर रॉकेट कोलांट्या खाणार. चुकलं की बाई सगळं उकलायला लावत. मुलं दातओठ खात पुन्हा मोजत.

शाळेत पाहुणे रॉकेट बघायला यायच्या दिवशी मुख्याध्यापकांनी शेपटीला शाळेचं लाकडी बोधचिन्ह चिकटवलं. बाईंनी रॉकेट पुन्हा दोऱ्याला टांगलं. दोन्ही खुणा एकमेकींना भिडल्या होत्या.

"चिन्ह काढा."

"पाहुणे तेच बघणार आहेत. तुमची बाटली नाही."

"मग उडणार नाही."

"शाळा काय तुमच्या वडिलांची आहे?"

"तुमच्याही नाही."

बाईंनी पंप उचलला आणि भरल्या मैदानातून चालत्या झाल्या. पाहुणे चहा पिऊन गेले. मुख्याध्यापकांनी बाईंकडून आठवी काढून घेतली, आणि आठवीने बाईंशी बोलणं टाकलं. पुढे दुसरा पंप आणून चिन्हासकट रॉकेट सोडलं गेलं, ते गर्रकन वळून व्हरांड्यातल्या दिव्यावर आपटलं. "बाईंचं गणितच कच्चं," मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत सांगितलं.

आता तरी मुलं आपल्याकडे येतील असं बाईंना वाटलं. एकच मुलगी आली. तिखट जिभेमुळे तिला सगळे 'चिमटा' म्हणत.

"बाई, त्या दिवशी पुठ्ठा कापायचा कटर तुमच्या हातात होता. चिन्ह उचकटायचं सोडून पंप का नेलात?"

"तो माणूस ऐकत..."

"मोजलं आम्ही होतं. तुम्हाला फक्त त्यांना हरवायचं होतं."

"चालती हो!"

ती गेली. बाई रिकाम्या वर्गात बसून राहिल्या. पोरीचं बोलणं झोंबलं होतं, कारण त्यात खोट सापडेना.

सुट्टीच्या दिवशी बाईंनी मोकळ्या माळावर वर्गाला बोलावलं. मोजकीच मुलं आली. चिमटाही आली, तोंड फुगवून. नवी बाटली, नवा पुठ्ठा, सगळं पहिल्यापासून. शेवटी बाईंनी पंपाला हात घातला.

"तुम्ही नका," चिमटा म्हणाली. "मागे उभ्या राहा."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. पण त्या मागे सरकल्या.

रॉकेट सुतासारखं सरळ वर गेलं. चिमटाने कोनमापकाला टांगलेल्या दोऱ्यावरून उंची काढली.

"कोन पुन्हा बघ," बाई खेकसल्या.

"बघितलाय."

बाईंनी स्वतः आकडेमोड करून पाहिली. "बरोबर आहे," त्या नाइलाजाने म्हणाल्या. दोघींपैकी कुणी हसलं नाही. बाकीची मुलं बाटली पुन्हा भरायला धावली होती.