गुरुवारची गोळी
कोणतंही औषध माणसाकडून काही घेतल्याशिवाय त्याला काही देत नाही, असं मी एकेकाळी फार गंभीरपणे मानत असे, आणि मोगऱ्याचा वास आला की त्या श्रद्धेचं काय झालं ते आठवतं. गिरीज गावच्या माझ्या आत्याची बोटं आमवाताने धरली आणि जन्मभर गजरे बांधलेली ती बाई फुलांच्या टोपलीसमोर नुसती बसून राहू लागली. डॉक्टरांनी तिला एक साधी गोळी रोज आणि एक जहाल गोळी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, घ्यायला सांगितली. जहाल गोळीसोबतचा कागद तिने माझ्याकडून वाचून घेतला: केस गळणं, तोंड येणं, मळमळ, यकृताला सूज. महिनाभरात यकृत सोडून तिला सगळं झालं. फणीतला गुंता दाखवत ती म्हणाली, "बोटं वाचवताना डोकं चाललं रे माझं!" मी तावातावाने तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या पिशवीतून त्या गोळीचं पाकीट काढलं, तर एकही गोळी फोडलेली नव्हती. "आजी, ही घेतलीच नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं. "गुरुवारी कशी घेनार? उपास असतो माझा," आत्या उलट आमच्यावरच चिडली. "मग केस कशाने गळले?" "कागदावर लिवलंय ना!" आता ती गोळी शुक्रवारी घेते, गजरे पुन्हा बांधते, आणि केस पूर्वीइतकेच गळतात.